रोखीचं गिऱ्हाईक

कापसाला भाव नसला की आमच्याकडे ते सगळ्यात आधी भांड्यांच्या दुकानदाराला कळतं. मग कापडवाल्याला, मग सोनाराला. किराणावाल्याला सर्वांत शेवटी कळतं, कारण पोटाला लागतं ते घ्यावंच लागतं. पण एकदा त्याला कळलं की ते त्याच्या गल्ल्यात आणि वहीत एकाच वेळी दिसायला लागतं. गल्ला हलका होत जातो आणि वही जड.

खानदेशात केळी आहे, मिरची आहे, शहाद्याकडे पपई आहे, आता मकाही सगळीकडे झालाय. तरी पारोळा, धरणगाव, शिंदखेडा, चोपडा अशा गावांच्या पेठेत दिवाळीनंतर जो पैसा फिरतो, तो मुख्यतः कापसाचा. २०२१-२२च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी घरांना रंग लागले, पोरींची लग्नं झाली, मोटारसायकलींच्या शोरूमसमोर गर्दी असायची. पुढच्या वर्षी त्याच भावाच्या आशेवर लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. पुढची खोली कापसाची आणि माणसं ओट्यावर, अशी घरं गावोगाव होती. साठवलेल्या कापसाने पोरांच्या अंगाला खाज सुटायची, तरी कुणी विकायला तयार नव्हतं. भाव काही वर आला नाही, उलट उतरत गेला. मग ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर वर्षअखेरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या ऐन तोंडावर बाहेरचा कापूस स्वस्त झाला. हमीभाव कागदावर लांब धाग्याला ८११० रुपये होता, पण त्यासाठी नोंदणी हवी, बारा टक्क्यांच्या आत ओलावा हवा आणि हातात थांबायला वेळ हवा. ज्याच्याकडे खताच्या दुकानदाराची उधारी तुंबलेली, तो खेडा खरेदीवाल्याला दारातच कापूस मोजून देतो.

याचा परिणाम पाहायचा तर आठवडे बाजारात जावं. पोत्यावर मांडलेले वाटे लहान झालेले असतात. टोमॅटोच्या दहाच्या वाट्यात पूर्वी जेवढे नग असत, त्यातले एखाद-दोन कमी होतात, पण वाट्याची किंमत तीच राहते. बाईमाणूस पावशेर मिरचीऐवजी ‘दहाची दे’ म्हणते. शेव-चिवड्याच्या गाड्यावर पोरं घुटमळतात आणि आया त्यांना ओढून पुढे नेतात. आणि दिवेलागणीला, बाजार उठायच्या वेळेला, गर्दी वाढते. तेव्हा माल पडत्या भावाने जातो, हे सगळ्यांना माहीत असतं.

माझ्या नानांचं पांझरेच्या काठच्या गावात किराणा दुकान होतं. मी लहानपणी तिथे बसून गुळाची ढेप फोडली आहे, पुड्या बांधल्या आहेत आणि वहीत नावंही मांडली आहेत. त्यामुळे उधारी म्हणजे काय, हे मला आतून ठाऊक आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘कापूस मोजला की देतो.’ सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, म्हणायचा, ‘आखाजीला देतो,’ म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे सालदारकीचं वर्ष आखाजी ते आखाजी. जुनं साल संपतं, नवं ठरतं, मालक हातावर पैसे ठेवतो, तेव्हाच त्याच्या हाती रक्कम येते. तोवर त्याच्या घरचं तेल-मीठ दुकानदाराच्या पैशावर चालायचं. नानांना स्वतःला तालुक्याचा होलसेलवाला पंधरा दिवसांच्या वर थांबत नसे. म्हणजे आणायचं पंधरा दिवसांच्या बोलीवर आणि द्यायचं सहा महिन्यांच्या. मधली खिंड भरून काढायचं ते रोखीचं गिऱ्हाईक. शाळेतले गुरुजी, एसटीचा कंडक्टर, पोस्टमास्तर, ग्रामसेवक. पगार झाला की ते महिन्याचा किराणा नगद न्यायचे. त्या पैशातून नाना होलसेलवाल्याला भागवायचे आणि सालदाराच्या घरी साखरेची पुडी जात राहायची.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गावातली उधारी दुकानदाराच्या एकट्याच्या चांगुलपणावर चालत नाही. ती रोखीच्या गिऱ्हाइकांवर चालते. गुरुजींना कधी वाटलंही नसेल, पण त्यांच्या नगद पैशावर मागल्या गल्लीतल्या कुणाची तरी चूल पेटत होती.

आता गुरुजी तालुक्याला किंवा जळगावला राहतात, तिथून शाळेत जाऊन-येऊन करतात. महिन्याचा किराणा ते मोठ्या साखळी दुकानातून ट्रॉली भरून आणतात आणि उरलंसुरलं मोबाइलवर मागवतात. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्या घरून कुणी जातं ते रात्री दही संपलं म्हणून किंवा पाहुणे आले म्हणून. जो महिनाभराच्या किराण्यासाठी अजूनही त्या दुकानाच्या पायरीवर उभा असतो, त्याच्याकडे नगद नाही. मोठ्या दुकानाच्या काउंटरवर ‘कापूस मोजला की देतो’ हे चालत नाही. म्हणजे गावाचा सगळा रोख पैसा एकीकडे गेला आणि सगळी उधारी दुसरीकडे राहिली. अशी पेठ किती दिवस टिकेल? मग एखादा दुकानदार पाटी लावतो, ‘उधार बंद.’ लोक म्हणतात, तो माजला. त्याचा होलसेलवाला दारात उभा आहे, हे कुणाला दिसत नाही.

त्यात मालही त्याला सारख्या भावात मिळत नाही. तीच साबणाची वडी, तीच चहाची पुडी. पण मोठ्या खरेदीदाराला कंपनी ज्या भावात देते, तो भाव वितरकामार्फत घेणाऱ्या छोट्या दुकानदाराला मिळत नाही. २०२१च्या अखेरीला वितरकांच्या संघटनेने यावरून काही मोठ्या कंपन्यांना असहकाराचा इशाराही दिला होता. साखर, तेल, रवा यांत तसंही जेमतेम सुटतं. दुकानदार जगतो तो साबण, बिस्किटं, मसाले, अगरबत्ती अशा मालावर, आणि नेमका तोच माल आपण ऑफर पाहून दुसरीकडून आणतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हात आखडता घ्यायचे दिवस आलेत, हे मान्य. पण ज्याच्या घरी एक तारखेला पगार जमा होतो, त्याने ह्या दिवसांत आपला नगद पैसा गावच्या पेठेत, कोपऱ्यावरच्या दुकानात आणि आठवडे बाजारात टाकला पाहिजे. दया म्हणून अजिबात नको, बाजारात दयेला कुणी हात पसरलेला नाही. त्या पैशाला तिथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काम असतं, म्हणून.

ज्यांचा हात खरोखर तोकडा आहे, त्यांना मी यात एक शब्दही बोलणार नाही. अंगणवाडीची मदतनीस तीन पोरांची दप्तरं घेताना दहा रुपये कुठे वाचतात ते बघणारच, आणि तिने बघितलंच पाहिजे. बोनसच्या पैशात तिसरा टीव्ही घेणाऱ्या घरांनी कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये पाडून मागावेत, याचा मात्र मला राग येतो.

हिवाळ्यातली भरताची वांगी घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजारात पाटीवर बसलेल्या मावशीला त्या कागदाचा काही उपयोग नाही. तिला हे वांगं कळतं ते हाताने. पांढरट हिरवं, चांगलं थोराड, साल तलम, आणि आकाराच्या मानाने हातात हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत बिया भरल्या. मी ज्यांच्याकडून घेते त्या मावशी एकेक वांगं तळहातावर तोलून बाजूला ठेवतात. एक मला, एक परत पाटीत. ‘हे बिवाळ शे, राहू दे,’ म्हणतात. परत ठेवलेलं वांगं त्यांना दुसऱ्या कुणाला तरी विकायचंच असतं, ते त्या विकतात, पण कमी भावात आणि सांगून. काड्यांच्या जाळावर भाजून, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचून केलेल्या भरताची चव खानदेशातल्या माणसाला मी काय सांगणार? पण त्या चवीची निम्मी गोष्ट या तोलण्यात आहे. पारदर्शक पिशवीत बंद होऊन, किमतीची चिठ्ठी चिकटून आलेल्या वांग्याबद्दल ‘हे नको घेऊ’ असं सांगणारं तिथे कुणी नसतं.

मावशींचा हिशेब मी शेजारी बसून ऐकलाय. पहाटे कापणी, जुड्या बांधणं, मग रिक्षात पाटीचं वेगळं भाडं, बाजारात बसायची पावती, दुपारचा चहा. विकायला सबंध दिवस मिळतो असं वाटतं, पण पालेभाजीचा दिवस दुपारपर्यंतच. उन्हं चढली की मेथी मान टाकते. ‘सांजले उरेल मेथी ढोरेस्ले टाकनी पडस, ताई,’ त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे संध्याकाळी उरलेली मेथी गुरांपुढे टाकावी लागते. म्हणूनच संध्याकाळी त्या कोणत्याही भावात देतात, आणि म्हणूनच सकाळी घासाघीस करणाऱ्याने काय मागतो आहोत ते एकदा मनाशी धरावं. संध्याकाळचा तोटा भरून निघायचा तो सकाळच्या भावातूनच.

अशा बसणाऱ्यांना उठवायला पालिकेची गाडी आली की मी तिथे असेन तर बोलते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सर्वेक्षण होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. एका गावात पथकाने तराजूच उचलून नेल्याचं मी पाहिलं. दोन-चार गिऱ्हाइकांनी जागेवर उभं राहून विचारलं तेव्हा तो परत मिळाला. गिऱ्हाईक पिशवी उचलून निघून गेलं असतं तर मिळाला नसता.

केळीचं प्रकरण जरा वेगळं आणि जास्त अवघड आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा मुलूख. जळगावची केळी देशभर जाते, तिलाही मानांकन आहे. पण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं की गिऱ्हाईक केळीसाठी जो रुपया मोजतं, त्यातले सुमारे ३१ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. द्राक्षाला ३५, आंब्याला ४३. म्हणजे मी जळगावात उभी राहून जळगावचीच केळी घेतली, तरी दोन तृतीयांशाहून जास्त पैसा वाटेत वाटला जातो. तो सगळाच कुणी खातो असं नाही. कापणीवाले आहेत, घड वाहणारे हमाल आहेत, गाडीभाडं आहे, पिकवणीचं शीतगृह आहे, खराब होणारा माल आहे, शेवटी लोटगाडी ढकलणारा माणूस आहे. पण बोर्डावर जाहीर झालेल्या भावापेक्षा शेताच्या बांधावर कमी भाव देण्याची जी रीत आहे, ती या मुलखातल्या प्रत्येक केळीवाल्याला ठाऊक आहे. घड पक्व झालेत, वादळाची हवा आहे, अशा वेळी तो अडून बसू शकत नाही. नवती म्हणजे नवी लागवड असो की पिलबाग म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरची बाग, माल कापायचा दिवस व्यापारी ठरवतो.

म्हणून ‘स्थानिक घ्या’ एवढं म्हणून मला पुरत नाही. कुणाकडून आलं, हे विचारायची सवय लावून घेतली पाहिजे. लोटगाडीवाल्याला विचारलं की तो सांगतो, कुठल्या पिकवणीतून उचलली, कुठल्या गावचा माल. पावडर टाकून पिकवलेली केळी पिवळीजर्द दिसते, पण देठ हिरवा आणि आतून कडक. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, आणि हे काम करणाराही बऱ्याचदा आपल्याच गावचा असतो. गावचा आहे म्हणून त्याचं ते माफ होत नाही.

नंदुरबारच्या मिरचीचंही तसंच. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्या लाल होतात, फोटो सुंदर येतात. त्या पथाऱ्यांवर बसून देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग रात्रभर थांबत नाही. ठसक्याने जीव नकोसा होतो आणि मजुरी वजनावर असते. सातपुड्यात धडगाव, मोलगीकडे उन्हाळ्यात घरोघर कैऱ्या सोलून आमचूर वाळवतात. आख्खं घर हाताने ते काम करतं, आणि ज्यांना पावसाळ्याआधी पैशाची नड असते, ते पहिल्या येईल त्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात. दिवाळीनंतर यातलीच कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आपल्या वरणातली आंबट चव या हातांमधून येते. मी मिरची आणि आमचूर शक्यतो तिकडच्या बचत गटाकडून घेते, आणि मजुरी काय देता, हे विचारून घेते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या बायांना नवल वाटलं, मग त्यांनी वहीच समोर ठेवली.

हे काही आजचं नवं खूळ नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि खानदेशातला शेतकरी कर्जात गेला. त्याच दशकात, डिसेंबर १९३६मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन आमच्या फैजपूरला भरलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते. तोवर अधिवेशनं शहरांत व्हायची, खेड्यात भरलेलं हे पहिलं. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, साने गुरुजी गावोगाव हिंडले. चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचं नगर उभारलं ते बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून. गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन उघडलं. आणि त्याच अधिवेशनात शेतसारा आणि शेतकऱ्याचं कर्ज हलकं करण्याचा कार्यक्रम मंजूर झाला. मला यातली जोडणी महत्त्वाची वाटते. गावचा माल घ्या, असं सांगणारी माणसं त्याच मांडवात कर्जाबद्दलही बोलत होती. नुसत्या खरेदीने शेतकरी तरेल, असं त्यांना वाटत नव्हतं, आणि मलाही वाटत नाही. आयात शुल्काचा निर्णय माझ्या पिशवीने बदलत नाही. पण तो निर्णय होईपर्यंत आणि झाल्यानंतरही बुधवारी-शनिवारी बाजार भरतोच, आणि तिथे काय करायचं हे माझ्या हातात असतं.

आमच्या घरी म्हणून काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. महिन्याची यादी कोपऱ्यावरच्या दुकानात जाते आणि पैसे त्याच दिवशी नगद किंवा मोबाइलवर. आपल्याला ऐपत असताना उधारीची जागा अडवायची नाही. सणाचं कापड गावच्या पेठेतून. बाजारात सुटे पैसे घेऊन जायचं, पाचशेची नोट दाखवून वीसची भाजी घ्यायची नाही. काट्यात फसवणूक दिसली तर तिथेच बोलायचं. आपला माणूस आहे म्हणून गप्प बसलं की प्रामाणिक विकणारा मागे पडतो.

वाळवणाचं मात्र मी जरा खोलात जाऊन ठरवलं. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बाया करून विकतात. त्यांची अडचण विक्रीची फारशी नसतेच, करायच्या आधीची असते. ज्वारी, गहू, उडीद, मीठ, पापडखार, प्लॅस्टिकचे कागद हे सगळं मार्च महिन्यात रोखीने घ्यावं लागतं, आणि पैसे मिळतात मे महिन्यात. तेवढ्यासाठी त्या व्याजाने पैसे उचलतात, आणि निम्मी कमाई त्यातच जाते. म्हणून आमच्या कॉलनीतल्या काही जणींनी होळीच्या आधीच आगाऊ पैसे द्यायला सुरुवात केली. ज्याला जे हवं ते लिहून घ्यायचं, निम्मी रक्कम तेव्हाच द्यायची. भाव त्याच सांगतात, आम्ही पाडून मागत नाही. बिबड्यांची ज्वारी भिजत घालून, दळून, कण्या शिजवून, तीळ-लसूण घालून पहाटे गच्चीवर थापायची असते. दुपारी बारानंतर त्या उन्हात कुणी उभं राहून दाखवावं, मग भाव करावा.

धान्याचंही आता तसंच चाललंय. दादर ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना दुसरी चालत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत, पावसाळा सरल्यावर मुरलेल्या ओलीवर ती येते. वेगळं पाणी फारसं लागत नाही, कडबाही उत्तम. पण पिकायला वेळ घेते, म्हणून लोक तिच्याऐवजी मका लावतात. आमच्या चार घरांनी मिळून यंदा एका शेतकरी जिभाऊंशी बोलणं केलं. बाजारभावापेक्षा थोडं वर आम्ही देतो आणि ते चाळून, पोत्यात भरून घरपोच देतात. काढणीच्या मजुरीसाठी त्यांनी थोडी उचल मागितली, ती दिली. माझ्या नवऱ्याने पोत्याची चौकशी केली तर ते म्हणाले, ‘पोतं परत द्या म्हणजे झालं.’ धान्य होळीनंतर येईल. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, पुढच्या खरिपात अर्धा एकर तूर आमच्यासाठी धरू का म्हणून. डाळ गावातल्याच गिरणीत करून घ्यायची की घरच्या जात्यावर, यावर चार घरांत अजून एकमत झालेलं नाही.